तिरपी वेणी

अर्धांगवायूने मार्थाबाईंचा उजवा हात लुळा पडला आणि त्यांनी खामगावच्या चर्चला जाणंच सोडलं. "अशा इस्कटल्या केसांनी मी प्रभूच्या घरी नाई येत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचललेले शांतवनराव शेजारच्या घरी गेले. तिथल्या सुनेकडून ते आठवडाभर सुतळीच्या तीन पदरांवर वेणी घालायला शिकले.

रविवारी दोघं पोचले, तेव्हा उपासना निम्मी झाली होती. नवऱ्याने बायकोसाठी स्वतःला वाहून घ्यावं, असं पाळकसाहेब सांगत होते.

उपासना सुटल्यावर पाळकीणबाईंनी मार्थाबाईंना मिठी मारली आणि हळूच म्हणाल्या, "वेणी लय तिरपी झाली बाई. नीट करून देऊ काय?"

मार्थाबाईंनी पटकन डावा हात वेणीवर ठेवला. "नका लावू हात! यायनं तीनदा सोडली, तीनदा घातली. चाळीस वर्सांच्या संसारात हे माह्यापाशी येवढा वेळ पयल्यांदाच बसले."

"आता रोज बसतो नं," मागून शांतवनराव म्हणाले.

अन् भर चर्चमध्ये मार्थाबाई नव्या नवरीसारख्या लाजल्या.