टाकीतलं पाणी

"पेट्रोल बोटावरून लगेच उडून जातं. माझा अंगठा बघ, अजून ओलाच," कार्बोरेटरमधून वाटीत काढलेलं पेट्रोल चोळून पाहत आमचे हे म्हणाले. "पाणी आहे यात. पंपवाल्यानं फसवलं!"

रोज पहाटे टाकीत अर्धी वाटी पाणी मीच ओतत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं, तेव्हा हे नुसते हसले होते. मग मी दुसरं काय करणार? आठ दिवस मोटरसायकल आचके देत अंगणातच अडकली. ह्यांनी प्लग बदलला, फिल्टर धुतला. मी शेजारी बसून एकेक पाना त्यांच्या हातात ठेवत राहिले.

आज टाकी धुऊन नवं पेट्रोल भरलं. दुसऱ्याच किकला इंजिन एका लयीत धडधडू लागलं. फाटकाबाहेर हायवेवरून ट्रक सुसाट जात होते.

ह्यांनी हेल्मेट चढवलं आणि खुशीत हाक मारली, "चल गं, बस मागे. एक चक्कर मारून येऊ!"

मी त्यांच्या उजवीकडे पायरीवर उभी होते. ते डावीकडे बघत होते, दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या साडीकडे.