डब्यातला शिक्का

हेल्मेटच्या कारखान्यात तपासनीस बाईंचा खाक्या ठरलेला होता. प्रत्येक खेपेतल्या दहा हेल्मेटांवर हातोडा आपटायचा; दहाही टिकली तरच खोक्यांवर शिक्का. काल एक तडकलं. "नऊ टिकली ना? ट्रक खोळंबलाय, मारा शिक्का!" मॅनेजर खेकसला. आपल्यामागे दुसरंच कुणी मारेल, या धास्तीने बाई शिक्काच जेवणाच्या डब्यात घालून घरी गेल्या. सकाळी मालकांनी बोलावलं, तेव्हा नोकरी गेली असं धरूनच बाई डबा घेऊन गेल्या. घरात त्या एकट्याच कमावत्या. "शिक्का कुठाय?" बाईंनी डबा उघडला. ओल्या शाईने झाकणावर आतून 'तपासून पास' उमटलं होतं. मालकांना हसू आवरेना. "निदान डबा तरी पास झाला! ती खेप मी मोडीत काढलीय." बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी शिक्का टेबलावर ठेवला. तो मालकांनी उचलून परत डब्यात घातला. "इथे नको. रोज घरीच नेत जा."