एकशे अठ्ठेचाळीस

“वय?” नुबियाने विचारलं.

“चौसष्ट. जिना चढताना ऐंशी,” डॉन एवेलियो म्हणाला आणि स्वतःच हसला.

तो शर्ट काढून खुर्चीत बसला होता. नुबिया त्याच्या छातीवर एकेक वायर चिकटवत होती. पेरेइरा शहरातल्या त्या लहानशा दवाखान्यात चालत्या पट्ट्यावरची हृदयतपासणी गेली सोळा वर्षं तीच करत होती. आज सकाळपासून मात्र तिच्या पोटात नुसती काळी कॉफी होती, आणि एक वायर तिने दोनदा काढून पुन्हा लावली.

डॉन एवेलियो बोलका माणूस. बायको मक्याच्या अरेपा किती जाड थापते, जावई कसा आळशी आहे, सगळं सांगून झालं.

“तुझं नाव काय म्हणालीस, पोरी?”

“नुबिया.”

“नुबिया कोण?”

“आर्सिला.”

“हं,” तो म्हणाला. त्यानंतर जावयाचा विषय निघाला नाही.

नुबियाने कॉम्प्युटरमध्ये वय घातलं. दोनशे वीसमधून वय वजा करायचं, उरेल तो हृदयाचा कमाल वेग, आणि त्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत माणसाला चालवत न्यायचं. पूर्वी ती हे गणित कागदावर करायची. आता वय टाकलं की आकडा आपोआप पडद्यावर येतो.

आला. एकशे अठ्ठेचाळीस.

डॉक्टर तोबोन दारातून डोकावल्या. “सुरू कर. मी शेजारीच आहे, एका आजींना तपासतेय. काही वाटलं तर हाक मार.”

“हो, डॉक्टर.”

डॉन एवेलियोने पडद्याकडे पाहिलं, मग नुबियाकडे. मग तो पट्ट्यावर चढला.

पहिली तीन मिनिटं तो बाजारात निघाल्यासारखा चालला. नंतर पट्ट्याचा चढ वाढला, वेग वाढला. ठोके एकशे दहा. एकशे बावीस. त्याचा चेहरा लाल झाला, कपाळावरून घाम ओघळू लागला.

“ठीक आहे ना?”

त्याने नुसती मान डोलावली.

एकशे तेहतीस झाले. पडद्यावरची रेषा अजून नीट चालली होती, पट्टाही चालूच होता. एकशे अडतीस. त्याच्या बुटांचे आवाज आता फरफटल्यासारखे येत होते. दोन्ही हातांनी त्याने दांडा घट्ट धरला होता.

एकशे त्रेचाळीसला रेषा खचली. प्रत्येक ठोक्यानंतर ती खाली जाऊन तिथेच रेंगाळू लागली.

“छातीत दुखतंय का?”

त्याने मान हलवली. नाही.

त्याचे ओठ मात्र पांढरे पडले होते. नुबियाचं बोट बंद करायच्या बटणावर होतं. किती वेळ तसंच होतं, हे तिला नंतर आठवेना. मग तिने ते दाबलं आणि इतक्या मोठ्याने हाक मारली, की डॉक्टर तोबोन आजींना तशाच टाकून धावत आल्या. जिभेखाली गोळी, नाकाला ऑक्सिजन. तासाभरात रुग्णवाहिका त्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

दुपारी डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावलं. समोर अहवालाचा कागद होता.

“इथे वय सेहेचाळीस लिहिलंय.”

नुबिया उभीच राहिली. “आकडे उलटे पडले.”

“सोळा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.”

“नाही झालं.”

“माणूस दगावला असता, नुबिया. हे मला वर कळवावं लागेल.”

“कळवा, डॉक्टर.”

तिला दोन आठवडे घरी बसवलं. ती रोज पहाटे उठायची, ओटा पुसायची, पुन्हा पुसायची. फोन वाजला की तिला वाटायचं, गेला असेल. तिसऱ्या सोमवारी खुद्द डॉक्टर तोबोनचाच फोन आला.

“ये कामावर. त्या माणसाची मुख्य धमनी नव्वद टक्के बंद निघाली. शस्त्रक्रिया झाली, बरा आहे. एकशे तेहतीसला तू थांबली असतीस, तर तोवर रेषा नीटच होती. सगळं ठीक म्हणून मी त्याला घरी पाठवलं असतं, आणि तो महिनाभरात गेला असता. चौकशी समितीलाही मी हेच सांगितलं. तुझ्या चुकीने वाचला तो.”

नुबियाने फोन ठेवला आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

महिन्याभराने डॉन एवेलियो दवाखान्यात आला. वजन उतरलं होतं, शर्टाच्या वरच्या बटणापाशी टाक्यांचं टोक दिसत होतं. बायकोला त्याने बाहेर बाकावर बसवलं आणि आत येऊन दार लोटून घेतलं.

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझी चूक झाली म्हणून मी जिवंत आहे.”

“हो. चूकच झाली. मला माफ करा, डॉन एवेलियो.”

“चूक नव्हती ती, पोरी.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “ला लिनेआच्या घाटात बस चालवताना मला डुलकी लागली आणि ती दरीत गेली. अकरा माणसं मेली. कोर्टात त्यांची नावं वाचली तेव्हा मी मान वर केली नाही, पण चार वर्षं तुरुंगात तीच नावं घोकली. येइसन आर्सिला, वय एकोणीस. तुझा कोण?”



“धाकटा भाऊ. मीच वाढवला त्याला.”

“वाटलंच.”

“त्या दिवशी सकाळी तपासणीच्या यादीत तुमचं नाव वाचलं,” ती म्हणाली. “तेव्हापासून...”

“माझा आकडा एकशे तेहतीस, हे मला आधीच्या डॉक्टरने सांगून ठेवलं होतं. तू लावलेला मी पाहिला.”

“पाहिलात? मग चढलात कशाला? दुखत होतं तरी ‘नाही’ कशाला म्हणालात?”

त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

“तुला द्यायला माझ्याकडे दुसरं होतं काय?”