हौद की नदी?

“हौद पाहिजे की नदी, एवढंच सांगा!” हर्षदाने मोबाइल आईबापाच्या नाकासमोर धरला.

नोकरीत बढती मिळाल्यापासून तिने ध्यासच घेतला होता. लिंबायतच्या कामगार वस्तीत एका खोलीत जन्म काढलेल्या या दोघांना एका रात्रीची सुट्टी द्यायची, आणि तीही इथंच, सुरतेतल्या झोकदार हॉटेलात. शोधून शोधून दोन उरली होती. डुमस रोडवरच्या हॉटेलात पोहायचा निळाशार हौद आणि हिरवळ. तापीकाठच्या हॉटेलात काचेच्या भिंती, पलंगावर पडल्या पडल्या नदी दिसणार. दोन्ही इतकी देखणी, की तिलाच निवडता येईना.

धुडकू रातपाळीला निघाला होता. शनिवारी बदली माणूस ठेवायला कापडाच्या लूमवरच्या मास्तरांना आत्ताच सांगायला हवं होतं. हर्षदा बापाला ओळखून होती. आज हा नुसता उंबरा ओलांडून गेला, की सकाळपर्यंत नकाराची शंभर कारणं घेऊन येणार आणि सगळा बेत बोंबलणार.

“पोहता कोनले येस आठे?” धुडकू डबा उचलत म्हणाला. “आनि नदी तं फुकट दिसस. दिवायीले गावले जातसच ना आपन? मंग सुट्टी कशाले?”

हर्षदाला रडू यायचंच बाकी होतं. “माय, तू तरी काही बोल ना!”

धुरपदाबाई साड्यांच्या पॅकिंगवरून नुकतीच परतली होती आणि परातीत पीठ मळत होती. तिने पदराला हात पुसले, मोबाइल घेतला. हौद आला, तिने पुढे सारला. हिरवळ गेली, नाश्त्याची ताटं गेली, नदीसुद्धा गेली. मग खोल्यांचे फोटो आले. हौदवाल्या हॉटेलात दोन पलंग, मधे दिव्याचं टेबल. नदीवाल्या हॉटेलात मात्र एकच ऐसपैस पलंग आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन उश्या.

धुरपदाबाई त्या फोटोकडे बघतच राहिली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या लोखंडी खाटेकडे गेली. धुडकू नुकताच त्या खाटेवरून उठला होता, चादरीवर अजून सुरकुत्या होत्या.

“हाई घे. नदीवालं.”

“नदी आवडली ना, माय?” हर्षदाचा चेहरा खुलला.

“नदीले काय करू?” धुरपदाबाईने पदर तोंडाशी धरला, तरी हसू काही लपेना. “यानी रातपायी, मन्ही दिनपायी. सुट्टीले खाटवर गावना पाहुना. लगीन झायं तवयपासून उशी तेवढी गरम सापडस, मानूस काही सापडत नही!”

याच खोलीत हर्षदा लहानाची मोठी झाली होती आणि हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग तिला असं हसू फुटलं, की डोळ्यांतून पाणी आलं.

धुडकूचे कान लाल झाले. तो खाली बसला. डबा बाजूला ठेवून त्याने मास्तरांना फोन लावला आणि गुजरातीत सांगितलं,

“मास्तर, शनिवारे बदली माणस राखजो. घरमां शुभ प्रसंग छे.”

फोन बंद होईपर्यंतही त्याला दम निघेना. फोन हाताने झाकत, बायकोकडे न बघता त्याने लेकीला हळूच विचारलं,

“पोरी, एक रात कशाले व? दोन कर ना!”