खुणेचा लाल दोरा

हिलालने कापड खिडकीशी धरलं. हातभर लांब, दीड हात रुंद, एका अंगाची किनार शाबूत. पाच वर्षं कबरीत राहून वर आलेलं. रंग मातकट झाला होता, पण एक तार कुजलेली नव्हती.

“चमत्कारच म्हणायचा,” दाराशी उभ्या मंडळींतून कुणीतरी पुन्हा म्हणालं.

डिंडोलीच्या त्या खोलीत जमलेली माणसं सगळी लूमवरची. रोज बारा तास पॉलिस्टर विणायचं. पॉलिस्टर मातीत कुजत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण आज रविवार. उपासनेला येताना कामाच्या कपड्यांबरोबर ते ज्ञानही मंडळी घरी खुंटीला टांगून आली होती. पाळक गजेंद्रसाहेबांनी कापडासाठी काचेची चौकट सांगून ठेवली होती. माप मात्र अजून दिलं नव्हतं. सावध माणूस.

सरलाबाईला चमत्कार नको होता. तिला नवरा हवा होता.

भाईदास कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तोंड पाहायला मिळालं नाही. वॉर्डातल्या माणसाच्या हाती तिने घरातलं एक कापड दिलं, “यातच गुंडाळा,” म्हणून. त्याने गुंडाळलं की कोपऱ्यात टाकलं, ते कळलं नाही. त्या आठवड्यात मंडळीतली सात माणसं एका ओळीत पुरली गेली. सात सारख्या पिशव्या, सात चिठ्ठ्या. चिठ्ठ्या इकडच्या तिकडे झाल्या, असं मागाहून कानावर आलं. तेव्हापासून सरलाबाई दर रविवारी सातही कबरींवर फूल ठेवायची. हिशेब सरळ होता. सातांत एक तर आपला.

परवा कुंपणाच्या भिंतीचा पाया खणताना शेवटच्या कबरीची कड ढासळली. फाटक्या पिशवीतून कापडाचं टोक बाहेर आलं. तेवढं कापून घेतलं आणि माती परत लोटली.

हिलालला बोलावणं गेलं ते म्हणून. तो मंडळीतला नव्हे. शेजारी, कडोदऱ्याच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, विणलेलं कापड तपासणारा, आणि तोंडाचा फटकळ. सरलाबाईने वॉर्डात दिलेलं कापड त्यानेच एके काळी नापास केलेलं. भाईदासच्या मागावर ताण्याची एक उभी तार तुटली होती, किनारीपासून चार बोटांवर. आणि हा गडी प्रभूची गाणी म्हणत अख्खा तागा तसाच विणून मोकळा. उजेडात धरलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखीत रेघ. कुठूनही कापा, रेघ असणारच.

“देवाला हाका मारतो, आन् नाकापुढची तार दिसत नाही तुला?” हिलालने त्याला सगळ्या खात्यादेखत झापलं होतं. भाईदास हसला आणि तागा खांद्यावर टाकून घरी घेऊन गेला. दहा दिवसांनी तापाने पडला.

“पाळकसाहेब सकाळी सांगत होते,” सरलाबाई आता म्हणाली. “प्रभूच्या कबरीत शिष्यांना नुसती वस्त्रं दिसली. त्यांनी पाहिलं आन् विश्वास ठेवला. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हिलालभाऊ. पाहायचं ते तुम्ही पाहा. विश्वासाचं माझ्याकडे लागलं.”

हिलालने किनारीपासून चार बोटं मोजली. मग तीन, मग पाच. कापड उलटं केलं. थुंकीने बोट ओलं करून माती पुसली. ताणून पुन्हा खिडकीशी धरलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने दोष शोधला होता तो पकडायला. इतक्या आशेने कधी शोधला नव्हता.

“आहे का?”

“आहे,” हिलाल म्हणाला. “चार बोटांवर. त्याचीच आहे, वहिनी. असलं काम दुसऱ्याला जमायचं नाही.”

सरलाबाई हसली. मग हात पुढे करून तिने कापड चाचपलं.

“लई बोलला होता तुम्ही त्यांना या रेघेवरून.”

“बोललो होतो.”

“मग खूण बांधा. मला हाताला लागेल.”

खात्याची रीतच ती. दोष सापडला की त्याच्या समोर किनारीला लाल दोरा बांधायचा. दोरा हिलालच्या खिशात कायम असे. त्याने बांधला. गाठ दोनदा सुटली. सरलाबाईने बोटाने चाचपून ती शोधली आणि धरून ठेवली.

“शेवटच्या कबरीवर नाव कोरून घेऊ,” पाळक म्हणाले. चौकटीचा विषय त्यांनी काढला नाही.

“बरं झालं बाई,” सरलाबाई म्हणाली. “गुडघे ऐकत नाहीत आता. सात ठिकाणी वाकावं लागायचं. एकाच ठिकाणी भागलं.”

मंडळी हसली. हिलाल कापडाची घडी घालत होता. ती त्याने मोडली आणि पुन्हा घातली.

पुढच्या रविवारी सरलाबाईने एकच फूल नेलं. शेवटच्या कबरीवर ठेवलं, नव्याने कोरलेलं नाव हाताने वाचलं आणि निघाली.

ती वळणाआड गेल्यावर हिलाल फाटकातून आत आला. इथे चपला काढायच्या असतात की नाही, त्याला माहीत नव्हतं, त्याने काढल्या. खिशातून झेंडू काढले आणि ओळीतल्या पहिल्या कबरीपासून एकेक ठेवत गेला. मोजून सहा आणले होते.

सातव्या कबरीपाशी तो थबकला. आत कोण होतं, देव जाणे. ते कापड विणणाऱ्याची नजर मात्र पक्की होती. त्यात एकही तार तुटलेली नव्हती.