पेडलवरचा पाय

व्हॅन शाळेच्या फाटकाशीच बंद पडली होती. क्लचचे दोन्ही सिलिंडर नवे बसवले, तरी तेलाच्या नळीतून बुडबुडे येतच होते. शाळा सुटेपर्यंत गाडी निघाली नाही, तर ती चालवणाऱ्या बहिणीचं शाळेची मुलं पोचवायचं काम जाणार होतं.

"तू आधीच पेडलवरचा पाय उचलतेस," तिचा मेकॅनिक भाऊ गाडीखालून ओरडला. "मी स्क्रू आवळायच्या आत. म्हणून हवा परत आत शिरते."

"तू 'सोड' म्हटल्यावरच सोडते रे, दादा! सगळं खापर माझ्याच डोक्यावर."

त्याचा विश्वास बसेना. लहानपणापासून ही अशीच, हात झटकून मोकळी.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा हाक दिली, "दाब!"

वर पेडल करकरलं. त्यानं स्क्रू सैल केला. स्वच्छ तेल आलं, एकही बुडबुडा नाही. स्क्रू आवळून तो हसला. "बघ, आता कसं नीट धरलंस!"

"काय धरलं?"

आवाज बाजूनं आला. चाकापाशी तिचे दोन्ही पाय दिसत होते. "मी तर केव्हाच तेलाचा डबा आणायला उतरलेय."

तो सरपटत बाहेर आला. दोघांनी दारातून डोकावलं. सीट रिकामी होती. पेडल तळाला टेकलेलं. त्यानं हातानं वर ओढून पाहिलं; हलेना.

"दादा," बहीण कुजबुजली, "तू अजून 'सोड' म्हणाला नाहीस."

त्यानं ओठ घट्ट मिटले.

तेवढ्यात घंटा झाली. मुलं व्हॅनकडे धावली. दप्तर ओढणाऱ्या भावावर एक चिमुरडी खेकसली, "सोड!"

पेडल सावकाश, अगदी शहाण्यासारखं, वर आलं.