नावापुढचा शेरा

“पोरगं पार सुधारलंय, साहेब,” साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरून म्हातारी म्हणाली. शेजारच्या लहान मुलीवर अत्याचार केला म्हणून तिचा लेक आठ वर्षं तुरुंगात होता. त्याच्या नावापुढचा ‘अतिधोकादायक’ हा शेरा निघाला, तरच त्याला रजेवर घरी येता येणार होतं. अपील त्यासाठीच होतं.

“घरी कोण कोण असतं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मी, थोरला, सूनबाई. त्याच्यासाठी खोलीला रंगसुद्धा दिलाय.”

“लहान मूल?”

“नात आहे, नऊ वर्षांची. तिची काळजी नको. कालच मी तिला तिच्या मामाकडे पोचवून आले.”

“का?”

वकिलाने पढवलेल्या उत्तरांत हे नव्हतं. म्हातारीने समोर पोलिसांच्या मधे बसलेल्या लेकाकडे पाहिलं. तिच्या आधी त्यानेच मान खाली घातली.